मत बदललं की बातमीचा रतीब बदलला?

वाचक लिहितात: मी ४७ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका. २०१४ आणि २०१९ मध्ये एकाच पक्षाला मत दिलं, तेही मनापासून. गेली तीन-चार वर्षं मात्र त्या पक्षाची बाजू घेताना जीभ अडखळते. थोरला भाऊ म्हणतो, 'तू यूट्यूबच्या नादी लागलीस.' तो स्वतः रोज रात्री एकाच चॅनेलपुढे बसलेला असतो. घरच्या ग्रुपवर रोज वादावादी. आमच्याकडे पूर्वीपासून एकच पेपर येतो, वडील तो आजही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. तो बंद करून दुसरा लावू का? निःपक्षपाती असा एखादा पेपर किंवा चॅनेल सांगा. आणि माझं मत खरंच माझं आहे की कुणी बदलवलंय, हे कसं ओळखायचं?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. त्याचा उलगडा झाल्याशिवाय पेपर बदलून काही हाती लागणार नाही.

आधी हललं कोण ते बघा, तुम्ही की तुमचा पक्ष? आपल्याकडे हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये भाजप आणि शिवसेना युती करून लढले, १०५ आणि ५६ जागा आल्या. २३ नोव्हेंबरला तो गाजलेला पहाटेचा शपथविधी झाला आणि २८ तारखेला महाविकास आघाडीचं सरकार आलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. धनुष्यबाण एकीकडे आणि मशाल दुसरीकडे, घड्याळ आणि तुतारीचंही तेच. २०१९ ला ज्याने युतीला मत दिलं आणि नंतर स्वतःचा एकही विचार बदलला नाही, त्यालासुद्धा 'आता तू कुणाकडे?' याचं उत्तर पुनःपुन्हा द्यावं लागलं. ज्यांच्याविरुद्ध टाळ्या वाजवल्या तेच नेते शेजारच्या खुर्चीत बसलेले भाजपच्या मतदाराने पाहिले, आणि काँग्रेसच्या मतदारालाही शिवसेनेबरोबरची आघाडी पचवावी लागली. जागच्या जागी उभा राहिलेला माणूसही इथे सरकल्यासारखा दिसतो. म्हणून 'मी पक्ष बदलला का' हे माप बाजूला ठेवा आणि मुद्द्यांवर या.

एक साधी शंभर पानी वही घ्या. त्यात दहा प्रश्न लिहा. उत्तर हो-नाही किंवा आकड्यात देता येईल असेच प्रश्न निवडा. 'देशाची प्रगती होतेय का' हा प्रश्न चालणार नाही, त्याचं उत्तर त्या दिवशीच्या मूडवर ठरतं. 'म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाण्याचं आवर्तन ठरल्या वेळी सुटतं का', 'माझ्या शाळेतली रिक्त पदं वर्षभरात भरली का', 'आरक्षणाची मर्यादा ५० टक्क्यांच्या वर न्यावी का', असे हवेत. प्रत्येक प्रश्नापुढे चार रकाने आखा: आजचं मत, खात्री ० ते १० पैकी किती, हे कशावरून म्हणतेय, आणि काय दिसलं तर हे मत सोडेन. चौथा रकाना भरताना पेन थांबतं. तो रिकामाच राहिला, तर तुम्ही लिहिलंय ते मत नाही, निष्ठा आहे. निष्ठा असायलाही कुणाची हरकत नसावी, फक्त तिला कुठल्याच पेपरातल्या बातमीने फरक पडत नाही हे लक्षात असू द्या.

पानावर तारीख घाला. सहा महिन्यांनी नवं पान भरा, आणि ते भरून होईपर्यंत जुनं उलटून बघू नका. हा खटाटोप लेखीच करायचा, कारण या बाबतीत आठवण फार दगा देते. अमेरिकेत १९७३ मध्ये ज्यांची राजकीय मतं नोंदवून घेतली होती, त्यांनाच १९८२ मध्ये गाठून विचारलं की नऊ वर्षांपूर्वी तुमचं मत काय होतं. राज्यशास्त्रज्ञ ग्रेगरी मार्कस यांनी १९८६ मध्ये त्यावर लिहिलं. लोकांनी 'तेव्हाचं' म्हणून सांगितलेलं मत त्यांच्या जुन्या नोंदीपेक्षा आजच्या मताशी अधिक जुळत होतं. तेव्हा 'मी पहिल्यापासून हेच म्हणत होते' हे वाक्य तुमच्या तोंडी असो की भावाच्या, लेखी पुरावा नसेल तर सोडून द्या.

जिथे दोन पानांवरची उत्तरं वेगळी निघतील, तिथे कारण शोधा. कारणं साधारण तीन प्रकारची असतात. जगात काही घडलं, निकाल लागला, धोरण बदललं, आकडे आले: या कारणाने मत हललं असेल तर ते निरोगी लक्षण आहे, भावाला खुशाल सांगा. दुसरं, तुमची स्वतःची परिस्थिती बदलली. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागला असाल तर जुनी पेन्शन हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, आणि मार्च २०२३ च्या संपाकडे तुम्ही तटस्थपणे बघितलं असण्याची शक्यता कमी. यात लाजण्यासारखं काही नाही, पण तिसऱ्या रकान्यात 'माझं पेन्शन' असं स्पष्ट लिहा, 'लोकशाही मूल्यं' असं नको. तिसरं कारण सर्वांत चिवट: घडलं काहीच नाही, फक्त रोज समोर येणारा मजकूर बदलला. भावाचा आरोप याच प्रकारचा आहे, आणि तो वाद न घालता तपासता येतो.

यूट्यूब उघडून वॉच हिस्टरीत जा. राजकारणावरचे शेवटचे ५० व्हिडिओ मोजा आणि ते किती चॅनेलांचे आहेत ते लिहा. तीन-चार चॅनेलांतच ते संपले तर भाऊ अगदीच चुकत नाही. त्यातले किती तुम्ही नाव टाकून शोधले आणि किती आपोआप पुढे आले, हेही आठवून बघा. मग हिस्टरी पूर्ण पुसा, ती नोंदवणं बंद करा आणि ऑटोप्लेही बंद करा. जुना इतिहास नसला की यूट्यूबच्या पहिल्या पानावर सुचवण्या येणं थांबतं, हवं ते नाव टाइप करून शोधावं लागतं. एवढ्यानेच पाहण्याचा वेळ आपोआप आटतो. दीड-दोन महिन्यांनी ज्या प्रश्नांवर खात्री ९ होती ती ५ वर आली, तर ती मधली चार गुणांची खात्री तुमची नव्हतीच. हाच प्रयोग भावाने चॅनेल बंद ठेवून करावा, पण त्याला ते सांगण्याची घाई करू नका.

आता पेपरचं. निःपक्षपाती पेपर सांगा म्हणता, तर तसा शोधू नका. मराठी वृत्तपत्रं मतांसाठीच जन्माला आली. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला तेव्हा त्याचे संपादक आगरकर होते, पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी पटेना, ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. वाचकाला दोघांचीही बाजू ठाऊक होती. आजही 'सामना' हे उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्र आहे हे कुणापासून लपलेलं नाही, त्या पक्षाच्या मनात काय चाललंय ते कळायला तो उपयोगी पडतो. उघड बाजू असलेल्या पेपराने फसायला होत नाही. फसायला होतं ते बाजू झाकून ठेवणाऱ्या पेपराने.

ती झाकलेली बाजू शोधायला पेपर उलटा करा. शेवटच्या किंवा एखाद्या आतल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते: मालक कोण, मुद्रक-प्रकाशक कोण, छापला कुठे, संपादक कोण. कायद्याने ती छापावी लागते. पूर्वी १८६७ चा कायदा होता, १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला. याहून जास्त माहिती 'फॉर्म ४' मध्ये मिळते. १९५६ च्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात तो छापला जायचा, आणि त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागधारकांची नावं द्यावी लागायची. जिल्हा वाचनालयात मार्चच्या आरंभीचे जुने अंक काढून बघा. नावं मिळाली की पुढचा प्रश्न: या मंडळींचे बाकीचे धंदे कोणते? कारखाना, शिक्षणसंस्था, बांधकाम, सरकारी कंत्राट? त्या धंद्यांविषयी हा पेपर काय लिहितो याच्यापेक्षा काय लिहीत नाही, ते महिनाभर टिपून ठेवा.

वडिलांचा पेपर बंद करू नका. पाण्याचं आवर्तन, बाजारभाव, जाहीर नोटिसा, निविदा, पंचायत समितीतली भांडणं हे सगळं जिल्हा आवृत्तीतच येतं, यूट्यूबवरचा विश्लेषक त्यासाठी कॅमेरा उघडत नाही. त्याच्या जोडीला दुसरा एक घ्या, छापील किंवा मोबाइलवर. मालक वेगळा हवा आणि मुंबई-दिल्लीत स्वतःचे बातमीदार हवेत. ते कळतं कशावरून? बातमीच्या डोक्यावरच्या ओळीवरून. बातमीदाराचं नाव किंवा 'विशेष प्रतिनिधी' असेल तर माणूस तिथे गेला होता किंवा त्याने फोन तरी केला होता. 'वृत्तसंस्था' असेल तर मजकूर पीटीआय वगैरेंकडून आलेला. नुसतं 'सूत्रांच्या माहितीनुसार' असेल, सूत्र कुठल्या खात्यातलं हेही नसेल, तर ती बातमी दोन दिवस राखून ठेवा. खरी असेल तर दोन दिवसांनी नावानिशी येईल.

वृत्तसंस्थेची बातमी शिकायला फार चांगली. एकच बातमी दोन पेपरांतून कापून शेजारी ठेवा. मजकूर जवळजवळ तोच, पण मथळा प्रत्येक पेपराने आपापला दिलेला असतो आणि शेपूटही आपापलं कापलेलं असतं. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, म्हणून समोरच्या बाजूचा खुलासा, जो बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतो, तोच आधी जातो. यात दरवेळी कट असतोच असं नाही, पुष्कळदा खाली आलेली जाहिरात हेच कारण असतं. मथळ्यातली क्रियापदं मात्र हिशेबाने निवडलेली असतात. न्यायालयाने 'नोटीस बजावली' आणि न्यायालयाचा 'दणका' ही एकाच कागदाची दोन रूपं. 'दणका', 'चपराक', 'मास्टरस्ट्रोक', 'घूमजाव' असे शब्द आले की ते काढून मथळा मनात पुन्हा वाचा. उरलं काय ते बघा.

कांद्याच्या बातम्यांवर हा सराव चांगला होतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यातबंदी आणली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्याची अट घालून. या निर्णयाकडे नाशिकचा शेतकरी एका नजरेने बघतो आणि दादरचं गिऱ्हाईक दुसऱ्या. एकाच पेपरच्या नाशिक आणि मुंबई आवृत्त्यांचे त्या दिवसांतले अंक ई-पेपरवर लावून बघा, रडणारा माणूस बदललेला दिसेल. बाजारभावाच्या आकड्यांचंही एक तंत्र आहे. पणन मंडळाच्या तक्त्यात रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, क्विंटलला. 'कांदा भडकला' म्हणायचं असेल तर कमाल दर उचलतात, 'शेतकरी देशोधडीला' म्हणायचं असेल तर किमान. कमाल दराने कधीकधी जेमतेम एक-दोन ट्रॉल्या विकलेल्या असतात. तुम्ही सर्वसाधारण दर आणि त्या दिवशीची आवक, या दोनच रकान्यांवर बोट ठेवा.

सरकारी योजनांची बातमी असेल तर पेपरवर थांबूच नका, मूळ शासन निर्णय, म्हणजे जीआर, काढा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' हा विभाग आहे, खातं आणि तारीख निवडली की पीडीएफ उतरते. निर्णयाच्या शेवटी संकेतांक दिलेला असतो. त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सअ‍ॅपवर जीआर म्हणून फिरणाऱ्या कागदावर तो संकेतांक नसेल, किंवा त्यातली तारीख वरच्या तारखेशी जुळत नसेल, तर पुढे पाठवू नका. कागद खरा असूनही घोळ होतो, तो वेगळाच. लाडकी बहीण योजनेच्या २८ जून २०२४ च्या निर्णयात वयोमर्यादा २१ ते ६० होती आणि पाच एकर जमिनीची अट होती. ३ जुलैच्या निर्णयात वय ६५ केलं आणि जमिनीची अट काढली. नंतर कित्येक घरांत दोन्ही कागद समोर ठेवून भांडणं झाली, आणि दोन्ही कागद अस्सल होते. जीआर वाचताना 'वाचा' या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते, तिथून मागे जाता येतं. पुढे सुधारणा झाली का हे मात्र त्याच खात्याच्या नंतरच्या तारखा चाळूनच कळतं.

निवडणुकीच्या काळात आणखी एक खबरदारी. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एकमेकांच्या स्पर्धक पेपरांत उमेदवाराची स्तुती शब्दशः सारखी छापून आली होती, आणि पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये अहवाल दिला. आजही पानाच्या कोपऱ्यात 'अ‍ॅडव्हर्टोरियल' किंवा 'मार्केटिंग इनिशिएटिव्ह' असे शब्द मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात असतात. तेही नसतील तर खूण अशी: बातमीदाराचं नाव नाही, विरोधकाचं एक वाक्य नाही, आणि फोटो मात्र उमेदवारानेच काढून दिल्यासारखा.

आणि निकालानंतर 'महाराष्ट्राचं मत फिरलं' असं कुणी सांगितलं की जागांबरोबर मतांची टक्केवारी विचारा. लोकसभा २०२४ मध्ये महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, महायुतीला १७, आणि एक अपक्ष, तो तर तुमच्याच सांगलीचा. जागांत एवढी तफावत असूनही दोन्ही आघाड्यांची मतं ४३ टक्क्यांच्या पुढे, जवळपास बरोबरीत होती. नोव्हेंबरात विधानसभेला एकट्या भाजपच्या १३२ जागा आल्या. पाच महिन्यांत सगळं राज्य दोनदा उलटलं असं नाही. मतं थोडी सरकली की जागा धबाधब पडतात, आणि बातमी जागांची होते.

टीव्हीवरच्या चर्चा पूर्ण बंद करा. सहा खिडक्यांतून सहा जण बोलतात त्यात नवी माहिती मिनिटभराचीही नसते. त्याऐवजी आकाशवाणीच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्या ऐका. सरकारी असल्यामुळे सरकारवरची टीका तिथे मिळणार नाही, पण काय घडलं ते दहा मिनिटांत कळतं आणि कुणी ओरडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाणाची खूण असलेला मजकूर पाच किंवा जास्त हातांतून आलेला असतो. तो तपासायला फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांची मराठी पानं आहेत. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, म्हणजे पीआयबीचं, फॅक्ट चेकही आहे, पण ते केंद्र सरकारविषयीच्या मजकुरापुरतं, आणि चालवतं सरकारच.

विरुद्ध बाजू ऐकायची म्हणून समोरच्या पक्षाचे तोंडाळ प्रवक्ते फॉलो करायचं मनात असेल तर थांबा. अमेरिकेत ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी पैसे देऊन लोकांना महिनाभर विरोधी मतांची ट्विटं वाचायला लावली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रिपब्लिकन मतदार मवाळ होण्याऐवजी आणखी कडक झाले. उलट २०२० मध्ये फॉक्स न्यूजच्या प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन सीएनएन बघायला लावलं, तेव्हा त्यांची काही मतं खरंच हलली, कारण आपल्या चॅनेलने न दाखवलेल्या गोष्टी त्यांना कळल्या. पैसे थांबल्यावर ते जुन्या चॅनेलकडे परतले आणि परिणामही बराचसा ओसरला. त्यामुळे समोरच्या बाजूचा प्रवक्ता नको, त्या बाजूच्या पेपरातला एखादा कसलेला बातमीदार निवडा, आणि रोज थोडं पण कायम वाचा. रोजचं सगळं मिळून चाळीस मिनिटं पुरे, मूळ कागदांसाठी रविवारी तासभर.

राहिला भाऊ. ग्रुपवर त्याला उत्तर देणं बंद करा, तिथे बाकीचे बघत असतात म्हणून कुणीच माघार घेत नाही. त्याऐवजी दोघांनी मिळून तीन भाकितं लिहा, राजकीय पण मोजता येतील अशी. तुमच्याकडचा हक्काचा विषय ऊस. २०२५-२६ साठी केंद्राने एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. मथळ्यात ती 'टनाला ३,५५० रुपये' अशी येते, पण तोडणी-वाहतूक वजा होऊन आणि कारखान्याच्या उताऱ्याप्रमाणे हातात पडते ती रक्कम वेगळीच. तेव्हा आपल्या कारखान्याची पहिली उचल किती आणि कुठल्या तारखेला खात्यात, हे दोघांनीही आकड्यात लिहावं, शेजारी खात्री ० ते १०. आणखी दोन प्रश्न तुम्ही ठरवा, एक राज्य सरकारविषयी आणि एक केंद्राविषयी, पुढच्या भाऊबीजेपर्यंत ज्यांचा निकाल लागेल असे. कागद पाकिटात घाला, त्यावर दोघांच्या सह्या करा आणि ते वडिलांकडे द्या. तोपर्यंत या तीन प्रश्नांवर ग्रुपमध्ये काही टाकायचं नाही, ही अट मात्र पाकीट बंद करण्याआधीच ठरवून घ्या.